साडेपाचची तारीख

२४ मे २०२४, शुक्रवार, पहाटेचे पाच वाजून एकवीस मिनिटं. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे उजाडायला अजून अर्धा तास बाकी होता. माझ्या हौशी रेडिओच्या १७ मीटर बँडवर (म्हणजे साधारण १७ मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात) कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावरचं स्टेशन मोर्समध्ये हाक देत होतं. सिग्नल इतका बारीक होता की मी लॅपटॉप बंद करून चार्जरही भिंतीतून काढून ठेवला होता. त्या चार्जरची खरखर नेमकी याच बँडवर येते आणि बारीक सिग्नल तिच्याखाली गडप होतो. टेबलावर फक्त रिग म्हणजे रेडिओ संच, मोर्स पाठवायचं पॅडल, वही आणि पेन्सिल. पलीकडच्याने माझी कॉल साइन, म्हणजे माझ्या स्टेशनची ओळख-अक्षरं, आधी अर्धवट घेतली, शेवटचं अक्षर चुकलं. मी दोनदा पुन्हा पाठवली. मग ती पूर्ण बरोबर परत आली, पाठोपाठ सिग्नल कसा येतोय याचा रिपोर्ट. मी माझा रिपोर्ट दिला, त्याने 'टीयू' (थँक यू) पाठवलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. सगळं मिळून मिनिटभराचं काम. वहीत मी त्याची कॉल साइन, '५.२१', '१७ मी.' आणि 'सीडब्ल्यू' (म्हणजे मोर्स) एवढं लिहिलं. ते बेट मला मोर्सवर आधी कधीच मिळालं नव्हतं.

हा संपर्क ऑनलाइन लॉगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या सामाईक नोंदवहीत, जुळलेला दिसायला १० जुलै उजाडला. मधल्या काळात जगातला सर्वांत महत्त्वाचा ऑनलाइन लॉग दीड महिना बंद होता. सगळे त्या बंदचीच गोष्ट सांगतात: हल्ला झाला, खंडणी मागितली, सर्व्हर परत आला. पण त्या दीड महिन्यात माझ्या टेबलावर एक चूक वाढत गेली आणि ती मला दाखवायला कोणी नव्हतं. ऑनलाइन लॉग नेमकं काय काम करतो ते मला त्या चुकीमुळे कळलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

दोन वह्यांचा मेळ

हौशी रेडिओत दोन स्टेशनं बोलली की दोन्हीकडे नोंद होते. माझ्या वहीतली नोंद म्हणजे फक्त माझं म्हणणं. पलीकडच्याच्या वहीतही तीच वेळ, तोच बँड आणि माझीच कॉल साइन असेल, तर तो संपर्क पक्का धरतात. पुरस्कारासाठी मोजायचा असेल तर दुसऱ्या बाजूचा पुरावा लागतोच.

पूर्वी हा पुरावा म्हणजे क्यूएसएल कार्ड. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, वर कॉल साइन, मागे तारीख, वेळ, बँड, रिपोर्ट आणि सही. अमेरिकेच्या एआरआरएल या हौशी रेडिओ संस्थेच्या मासिकात क्लिंटन डिसोटो यांनी १९३५ साली 'देश मोजायचे कसे' या प्रश्नावर लेख लिहिला आणि त्यातून १९३७ मध्ये डीएक्ससीसी हा पुरस्कार सुरू झाला. शंभर देशांशी संपर्क आणि त्याचे शंभर पुरावे. 'देश' हा शब्द आता मागे पडला, 'एंटिटी' म्हणतात, कारण मोजणी फक्त राजकीय नकाशावर चालत नाही, भूगोलावरही चालते. आज यादीत ३४० एंटिटी आहेत. त्यात आपली मुख्य भूमी एक, अंदमान-निकोबार दुसरी आणि लक्षद्वीप तिसरी. त्यामुळे पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) किंवा कवरत्तीहून कोणी बोलायला लागलं की जगभरचे लोक तुटून पडतात, आणि पुण्यातल्या माणसालाही ते स्टेशन वेगळं म्हणूनच मोजता येतं.

कार्डांचा तो व्यवहार मी थोडा पाहिलेला आहे. पाकिटात कार्ड, त्यात आपला पत्ता लिहिलेलं दुसरं पाकीट, परतीच्या टपालासाठी डॉलरची नोट, आणि मग वाट पाहायची. कधी तीन महिन्यांनी येई, कधी तीन वर्षांनी, कधी नाहीच. त्या कार्डांवर माझं मनापासून प्रेम आहे. एका मित्राच्या घरी वडिलांच्या काळातली कार्डं पत्र्याच्या पेटीत आहेत; तिचं झाकण उघडलं की शाईचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास येतो. पण भारतातून डीएक्स, म्हणजे दूरदेशीचे संपर्क, करणाऱ्याला तो खर्च परवडत नसे, हेही तितकंच खरं.

१५ सप्टेंबर २००३ रोजी एआरआरएलने 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' सुरू केलं आणि पाकिटांची गरज बरीचशी संपली. आम्ही त्याला एलओटीडब्ल्यू म्हणतो. कल्पना साधी आहे. प्रत्येक ऑपरेटरला एक डिजिटल प्रमाणपत्र मिळतं. अमेरिकेबाहेरच्याला त्यासाठी परवान्याची आणि ओळखपत्राची प्रत पाठवावी लागते. प्रमाणपत्राची गुप्त किल्ली आपल्याच संगणकावर राहते. आपला लॉग टीक्यूएसएल नावाच्या प्रोग्रॅममधून सही करून पाठवायचा. पलीकडच्यानेही तसाच पाठवला की एआरआरएलचा सर्व्हर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहतो. दोन्ही कॉल साइन बरोबर, बँड तोच, मोड (मोर्स, आवाज वगैरे) त्याच प्रकारचा आणि वेळेतला फरक तीस मिनिटांच्या आत असेल, तर जुळलं. रिपोर्ट काय दिला-घेतला याला जुळणीत काही महत्त्व नाही.

यातली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. दुसऱ्याचा लॉग आपल्याला दिसत नाही. दिसते ती फक्त जुळणी. पलीकडच्याने कुठली वेळ लिहिली ते आधी पाहून आपली नोंद तशी करायची सोय नाही. प्रत्येकाने आपापलं खरं आधी सांगायचं आणि मग मेळ पाहायचा. 'क्लब लॉग' ही ब्रिटनमधल्या मायकल वेल्स (कॉल साइन जी७व्हीजेआर) यांनी उभी केलेली दुसरी मोठी सेवा. ती पुरस्काराचा पुरावा म्हणून नाही, शोधण्यासाठी वापरतात. आपली कॉल साइन घातली की त्या स्टेशनच्या लॉगमध्ये आपण कुठल्या बँडवर, कुठल्या मोडमध्ये आहोत ते चौकटीत दिसतं. पण वेळ तिथेही दाखवत नाहीत, कारण तेच.

दूरच्या निर्जन बेटावर रेडिओ घेऊन गेलेल्या तुकड्यांना क्लब लॉगचा फार आधार असतो. लॉग रोज वर चढला की लोकांना कळतं, आपण आहोत. नाहीतर 'मला ऐकलं की नाही कोण जाणे' म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतो आणि ज्याला एकदाही मिळालं नाही त्याची जागा अडवतो.

मे महिन्यात काय झालं

त्या महिन्याची सुरुवातच वेगळी होती. १० आणि ११ मे २०२४ ला सूर्याकडून आलेल्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं. जी५ म्हणजे सर्वांत तीव्र दर्जाचं वादळ, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलंच. लडाखमध्ये हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आमच्याकडे त्या दोन दिवसांत एचएफ म्हणजे लघुलहरींचे बँड मेल्यासारखे होते. अँटेना तुटली की काय म्हणून गच्चीवर जाऊन पाहणारे माझ्या ओळखीत दोघे आहेत. मग हळूहळू बँड उठले आणि सौरचक्र शिखराजवळ असल्याने उरलेला मे-जून उत्तम गेला. १०, १२, १५, १७ मीटर, सगळीकडे लांबचे सिग्नल. डीएक्स करणाऱ्याने दहा वर्षं वाट पाहावी असे दिवस.

आणि नेमकं तेव्हाच एलओटीडब्ल्यू बंद पडलं. १६ मेला एआरआरएलने जाहीर केलं की आपल्या नेटवर्कमध्ये आणि मुख्यालयातल्या यंत्रणांमध्ये घुसखोरीचा गंभीर प्रकार घडला आहे, आणि एलओटीडब्ल्यू, लर्निंग सेंटर अशा सेवांवर परिणाम झाला आहे. जूनमध्ये त्यांनी सांगितलं की हा आंतरराष्ट्रीय टोळीचा हल्ला आहे. पूर्ण हकिगत ऑगस्टमध्ये आली. डार्क वेबवर विकत घेतलेल्या माहितीच्या जोरावर हल्लेखोर मे महिन्याच्या सुरुवातीलाच आत शिरले होते. १५ मेच्या पहाटे त्यांनी डेस्कटॉप, लॅपटॉप, विंडोज आणि लिनक्सचे सर्व्हर, जे हाती लागेल ते बंद पाडलं आणि खंडणी मागितली. वाटाघाटीनंतर दहा लाख डॉलर द्यावे लागले. ती रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च बराचसा विम्यातून आला.

एलओटीडब्ल्यूमधला डेटा सुरक्षित होता. सेवा बंद ठेवली ती खबरदारी म्हणून, आजूबाजूचं सगळं नेटवर्क निवळेपर्यंत. १ जुलैला ती पुन्हा सुरू झाली.

हे ऑगस्टमध्ये नीट मांडलं गेलं, पण मे-जूनमध्ये जे थोडं थोडं कळत होतं त्यावर लोक नाराज होते, आणि ती नाराजी मला रास्त वाटते. पोलीस तपास चालू असताना सगळं बोलता येत नाही हे मान्य. पण ज्याने आपल्या परवान्याची आणि ओळखपत्राची स्कॅन प्रत साता समुद्रापार पाठवलेली आहे, त्याला पहिल्या आठवड्यात 'तुमची कागदपत्रं कुठे आहेत' याचं एक वाक्य तरी हवं असतं. आपल्याकडे झेरॉक्स देताना वर आडवं लिहायची पद्धत आहे: 'फक्त अमुक कामासाठी', तारीख आणि सही. मी २०१० च्या दशकात प्रमाणपत्र काढलं तेव्हा हे केलं नव्हतं. आता परदेशात पाठवायच्या कुठल्याही प्रतीवर करतो, आणि नव्या मुलांना प्रमाणपत्र काढून देताना त्यांच्याकडूनही करून घेतो.

बंद असताना काय चालू होतं

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सही आपल्या घरात होते. किल्ली आपल्या संगणकावर असते. म्हणून सर्व्हर बंद असतानाही टीक्यूएसएलमध्ये लॉग उघडून, सही करून फाइल आपल्या डिस्कवर ठेवता येत होती. मेनूत तो पर्याय पहिल्यापासून आहे, पण एरवी कोणी वापरत नाही. मी दर रविवारी आठवड्याभराचे संपर्क सही करून एका फोल्डरमध्ये टाकायला लागलो. टीक्यू८ नावाच्या त्या फाइली, प्रत्येकीला तारखेचं नाव. बंद पाकिटं टपालपेटी उघडायची वाट पाहत टेबलावर रचून ठेवावीत तसं.

क्लब लॉग चालू होतं. ईक्यूएसएल ही इंटरनेटवर कार्डं पाठवायची सेवा चालू होती, पण तिची कार्डं डीएक्ससीसीसाठी चालत नाहीत. रेडिओ तर चालूच होता. मोर्स, आवाज, एफटी८ (संगणकाने चालणारा डिजिटल मोड), कशालाच एआरआरएलच्या सर्व्हरची गरज नाही. आमच्या एका ज्येष्ठ ओएमनी (रेडिओमित्रांनी) तेव्हा कपाटातून कोरी क्यूएसएल कार्डं काढली आणि रोज संध्याकाळी चार-पाच लिहायला बसले. त्यांचं अक्षर अजून तसंच वळणदार आहे.

म्हणजे संपर्क होत होते, नोंदी होत होत्या, सह्याही होत होत्या. थांबली होती ती एकच गोष्ट, दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणं. मला तेव्हा वाटलं, ती काय, नंतर होईल. दीड महिना उशीर, एवढंच. पण त्यात उशिरापेक्षा बरंच काही दडलं होतं.

जुलैचा पहिला आठवडा

१ जुलैनंतर जगभरच्या लोकांनी साठवलेले लॉग एकदम पाठवले आणि रांग लागली. माझ्या फाइली वर गेल्या, पण निकाल यायला दिवस गेले. मग एकेक जुळण्या दिसायला लागल्या. एफटी८ वरचे जवळजवळ सगळे जुळले. संध्याकाळचे, रात्रीचे मोर्सचे संपर्कही जुळले. कॅरिबियनचं बेट मात्र नाही.

पहिला संशय नेहमी दुसऱ्यावर जातो, तसाच माझाही गेला. त्याने लॉग पाठवलाच नसेल. एलओटीडब्ल्यूमध्ये कुठल्याही स्टेशनने शेवटचा लॉग कधी पाठवला ते पाहता येतं. पाहिलं, तर त्याने जुलैच्या सुरुवातीलाच पाठवला होता. मग दुसरा संशय, माझी कॉल साइन चुकीची घेतली असेल. पहाटे त्याने आधी चुकवली होतीच, शेवटी दुरुस्त केली असं मला ऐकू आलं, पण टाइप करताना जुनंच राहिलं असेल. हे होतं. मोर्समध्ये एका टिंबाने अक्षर बदलतं: 'एस' तीन टिंबं, 'एच' चार. मी क्लब लॉग उघडलं, त्याचं स्टेशन निवडलं आणि माझी कॉल साइन घातली. १७ मीटर, सीडब्ल्यू या चौकटीत खूण होती.

म्हणजे त्याच्या लॉगमध्ये मी होतो, बरोबर कॉल साइननिशी, बरोबर बँडवर, बरोबर मोडमध्ये. मग जुळत का नाही? जुळणीतला एकच घटक उरला होता, वेळ.

मी न जुळलेले सगळे संपर्क एका कागदावर काढले. त्यातले जे खरोखर समोरच्याने लॉग पाठवला नाही म्हणून अडले होते, ते वेगळे केले. नऊ उरले. नऊही मोर्सचे, नऊही पहाटेचे. आणि नवांच्या पुढची वेळ अकरा ते बाराच्या मधली: २३.१४, २३.४०, २३.५१. कागदावर एकाखाली एक लिहिल्यावर ते डोळ्यांत भरलं.

रेडिओचा लॉग जगभर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. पहाटेचे ५.२१ म्हणजे यूटीसी २३.५१. इथवर मी बरोबर होतो. पण यूटीसीत तेव्हा आदला दिवस चालू असतो. तिकडची मध्यरात्र आपल्या पहाटे साडेपाचला होते. २४ मेच्या पहाटेचा माझा संपर्क यूटीसीप्रमाणे २३ मेचा. मी रविवारी वहीवरून लॅपटॉपमध्ये भरताना वेळ वजा केली, तारीख मात्र वहीत होती तीच लिहिली. २४ मे, २३.५१. म्हणजे बरोबर चोवीस तास पुढे. त्याच्या लॉगमध्ये २३ मे. सर्व्हर तीस मिनिटांचा फरक माफ करतो, चोवीस तासांचा नाही, आणि करूही नये.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना मी स्वतः हे शिकवतो. पण एरवी मी संपर्क होताक्षणी लॅपटॉपमध्ये भरतो आणि प्रोग्रॅम संगणकाच्या घड्याळावरून यूटीसी तारीख आणि वेळ स्वतःच घालतो. मला वजाबाकी करावीच लागत नाही. एफटी८ मध्ये तर घड्याळ सेकंदाच्या आतबाहेर बरोबर नसेल तर समोरचा वाचताच येत नाही, म्हणून तिथे अशा चुकीला जागाच नाही. चूक शिरली ती मी लॅपटॉप बंद करून वहीवर आलो तेव्हा. आणि वहीवर आलो ते बारीक सिग्नल ऐकण्यासाठी, पहाटेच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात.

आपल्याकडच्या माणसाने हा योग नीट पाहायला हवा. लांबचे सिग्नल सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या संधिप्रकाशात सर्वांत चांगले येतात, विशेषतः खालच्या बँडवर. मे-जूनमध्ये महाराष्ट्रातली पहाट साडेपाचच्या आगेमागेच होते. म्हणजे बँड सर्वांत जास्त उघडा असतो नेमक्या त्या वेळी लॉगची तारीख बदलते. युरोपातल्या ऑपरेटरची तारीख मध्यरात्री किंवा तिच्या आसपास बदलते. घड्याळात बारा वाजले की त्याच्या मनातही दिवस बदलतो. आपली बदलते पहिल्या चहाच्या वेळी. ५.२५ चा संपर्क आदल्या दिवशी, ५.३५ चा आजचा, आणि दोन्ही एकाच बैठकीतले, वहीच्या एकाच पानावरचे.

साडेपाचमधला तो 'साडे' हाही असाच घातकी. कोणी संगणकाचा टाइम झोन चुकून पाच तासांवर ठेवला, तर त्याच्या सगळ्या वेळा अर्ध्या तासाने चुकतात, आणि जुळणीची मर्यादाही अर्ध्या तासाचीच. मग समोरच्याची वेळ मिनिटभर इकडे असेल तर जुळतं, मिनिटभर तिकडे असेल तर नाही. असा लॉग अर्धवट जुळत राहतो आणि माणूस वर्षभर समोरच्यांना दोष देत बसतो. पूर्ण चुकलेल्या लॉगपेक्षा हा शोधायला जास्त अवघड. कोणाच्या जुळण्या निम्म्याच येत असतील तर मी आता पहिल्यांदा घड्याळ पाहायला सांगतो.

चूक नऊ वेळा का झाली

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो या प्रश्नाने. एकदा तारीख चुकणं समजण्यासारखं आहे. दीड महिन्यात नऊदा?

एरवी मी रात्री लॉग पाठवतो. समोरचाही दोन-चार दिवसांत पाठवतो. आठवड्याभरात जुळण्या दिसतात. पहिलाच पहाटेचा संपर्क जुळला नसता तर मी त्याच आठवड्यात वही काढली असती आणि दुसरी चूक झालीच नसती. म्हणजे इतकी वर्षं एलओटीडब्ल्यू माझ्यासाठी फक्त पुरावे गोळा करत नव्हतं. ते माझी वही तपासत होतं, रोज, न बोलता, जगभरच्या हजारो वह्यांशी ताडून. मी त्याला कार्डांचा स्वस्त पर्याय समजत होतो. कार्ड तीन वर्षांनी आलं तर तीन वर्षांपूर्वीची चूक कळून काय उपयोग? पण दोन दिवसांत आलेली जुळणी, किंवा न आलेली जुळणी, परवाची सवय सुधारते.

दीड महिना ते तपासणं थांबलं आणि माझ्या सवयीत शिरलेली चूक तिथेच मुरत गेली. बाहेरच्या कुठल्याही सेवेची भीती मला याच कारणाने वाटते. ती बंद पडली की ती आपल्यासाठी काय काय करत होती याची यादी आपल्याकडे नसते.

दुरुस्ती

दुरुस्तीचे दोन रस्ते होते आणि एकच बरोबर होता. समोरच्याला ईमेल करून 'तुमच्या लॉगमध्ये माझी वेळ काय आहे' विचारायचं आणि तशी नोंद करायची, हा पहिला. बरेच लोक हे सहज करतात, त्यात वाईट हेतूही नसतो. पण मग माझी नोंद माझी राहत नाही, त्याच्या नोंदीची नक्कल होते. दोन स्वतंत्र साक्षींचा मेळ हाच या सगळ्याचा पाया आहे. एकाने दुसऱ्याला विचारून साक्ष दिली तर जुळणी होईल, पण तिचा अर्थ उरणार नाही. क्लब लॉग वेळ दाखवत नाही ते याचसाठी, आणि मी ते ईमेलने काढून घेणं म्हणजे त्या शहाणपणाला बगल देणं.

दुसरा रस्ता वहीकडे जायचा. वहीत पेन्सिलने '५.२१' लिहिलेलं होतं, पानाच्या डोक्यावर २४ मे, शुक्रवार. वही खरी होती. तिने भारतीय वेळ, भारतीय तारीख लिहिली होती आणि ती बरोबरच होती. चूक झाली ती तिथून उचलून दुसरीकडे ठेवताना. म्हणून मी नऊही नोंदी वहीवरून नव्याने यूटीसीत केल्या, या वेळी आधी तारीख आणि मग वेळ. एलओटीडब्ल्यूमधली चुकीची नोंद आपल्याला पुसता येत नाही; ती तशीच पडून राहते, कोणाशीच न जुळता. दुरुस्त नोंद नवी म्हणून जाते. ८ जुलैच्या रात्री मी ती नऊ नोंदींची फाइल सही करून पाठवली.

दोन दिवसांनी पाहिलं तर सात जुळल्या होत्या, त्यात कॅरिबियनचं बेटही होतं. उरलेल्या दोनपैकी एक ऑगस्टमध्ये जुळली. एक अजून नाही. त्या स्टेशनला मी कार्ड टाकलं आहे.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. टेबलावरच्या भिंतीला दुसरं घड्याळ आहे, यूटीसीवर लावलेलं, आणि त्याच्याखाली रोजची यूटीसी तारीख खडूने लिहायची पाटी. पहाटे बसलो की वहीच्या पानावर साडेपाचला आडवी रेघ मारतो. रेघेच्या वर कालची तारीख, खाली आजची. लॉग एडीआयएफ स्वरूपात दर रविवारी पेन ड्राइव्हवर जातो आणि प्रमाणपत्राची पी१२ प्रत एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर आहे, कारण संगणक गेला तर किल्लीही जाते.

चार्जर मात्र तसाच खरखरतो. त्याच्या वायरीला फेराइटचे दोन मणी बसवले, थोडा फरक पडला, पण १७ मीटरवर अजून ऐकू येतो. म्हणून पहाटे लॅपटॉप बंदच असतो आणि वही उघडी.